पूर्वरंगावरून परीक्षा

कोणतीहि दीर्घ कृति भागाभागानें लोकांपुढें येऊं लागली म्हणजे तिची योग्यता पहिल्याच भागावरून ठरवावी कीं नाहीं, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न जुना आहे. परंतु हल्लीं आमच्या तरुण मंडळींत तो एका नव्या निमित्तानें पुन्हां निघाला आहे. त्याचें उत्तर आपल्या वाङ्मयाच्या व रंगभूमीच्या इतिहासांत शोधूं गेल्यास कांहीं उपयुक्त गोष्टी हातीं लागतात, असें वाटल्यावरून त्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

नवें निमित्त म्हणजे जपानांतून येणाऱ्या, 'ॲनिमे' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चित्रमालिका. बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या गांवीं कॉलेजांत शिकणारीं मुलेंमुली आपल्या मोबाईलवर त्या आवडीनें पाहतात. जपानांत या मालिका शेतीच्या पिकांप्रमाणें हंगामानें निघतात. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर हे त्यांचे चार पेरे. एका हंगामाची मालिका बहुधा बारा-तेरा भागांची असते व दर आठवड्यास तिचा एक भाग दाखविला जातो. प्रत्येक हंगामांत इतक्या नव्या मालिका एकदम सुरू होतात कीं, त्या सगळ्या पाहणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून प्रेक्षक पहिला भाग पाहतो, ही ठेवावयाची, ही टाकावयाची असा निवाडा करतो, आणि तो निवाडा लागलीच जगजाहीरहि करतो. जे थोडे उदार असतात ते तीन भागांची मुदत देतात.

वडील मंडळींस हा उतावळेपणा वाटतो. पण 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण तरुणांना शिकविली कोणीं? आपल्याच घरच्या वडीलधाऱ्या बायांनीं. म्हण खोटी नाहीं. मात्र ती खरी कां ठरते याचा विचार केला पाहिजे. एका पातेल्यांतील सर्व शितें एकाच आंचेवर, एकाच वेळीं शिजलेलीं असतात, म्हणून एक शीत चाचपलें म्हणजे सगळ्या भाताची अवस्था कळते. भागाभागानें निघणाऱ्या कृतीचें तसें नसतें. तिचा पहिला भाग वाचकाच्या हातीं पडतो तेव्हां शेवटचा भाग पुष्कळदां लिहिलेलाहि नसतो. अर्धे तांदूळ अजून सुपांत असतांना बाहेर आलेल्या शितावरून सगळ्या भाताविषयीं निकाल देण्याचाच हा प्रकार. तेव्हां ही परीक्षा कोठें लागू पडते व कोठें पडत नाहीं, हें ठरविण्यास कांहीं गमक हवें. तें गमक आपल्या इतिहासांत सांपडतें.

प्रथम सर्वांत जुन्या काळाकडे पाहूं. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा काल परंपरा शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा सांगते. काल व स्थल या दोहोंविषयीं पंडितांत वाद आहे. त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. ग्रंथ वेदान्तपर असून पूर्वार्धांत सात व उत्तरार्धांत अकरा अशीं त्याचीं अठरा प्रकरणें आहेत. शास्त्रीय ग्रंथांच्या आरंभाविषयीं वेदान्त्यांचा एक संकेत असे. ग्रंथाचा विषय काय, तो वाचण्याचें प्रयोजन काय, विषयाचा व ग्रंथाचा संबंध काय, आणि ग्रंथाचा अधिकारी कोण, या चार गोष्टी प्रथमच कळाव्या. यालाच 'अनुबंधचतुष्टय' म्हणत. या संकेताचा अर्थ लक्षांत घेण्याजोगा आहे. आरंभ हा वाचकानें ग्रंथाची परीक्षा घेण्याकरितां नव्हता. ग्रंथानें वाचकाची परीक्षा घेण्याकरितां होता. ज्याला मोक्षाची इच्छा नाहीं त्यानें पहिल्या प्रकरणानंतर पोथी मिटली, तर दोष पोथीचा नव्हे. तो अधिकारी नव्हता एवढेंच. त्याच अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं गीतेवर 'गीतार्णव' लिहिला. तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. पंचीकरणाचा विषय तर त्यांनीं सुमारें ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढला. इतका पल्ला गांठणाऱ्या ग्रंथकारानें वाचकाकडून पहिल्या ओवीलाच पसंतीची पावती मागितली असेल, हें संभवत नाहीं.

याचा अर्थ पूर्वीचा श्रोता परीक्षाच करीत नसे असा मात्र नव्हे. कीर्तनांत पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगांत बुवा एखादा अभंग घेऊन निरूपण करतात, आणि उत्तररंगांत आख्यान लावतात. बुवा कसे आहेत हें जाणता श्रोता पूर्वरंगांतच ओळखतो. आवाज, ताल, पाठांतर, दृष्टान्त देण्याची हातोटी, सगळें त्याला पहिल्या घटकेंत कळतें. हें त्याला इतक्या लौकर साधतें, कारण आख्यान त्याच्या परिचयाचें असतें. हरिश्चंद्र डोंबाच्या घरीं पाणी भरणार, हें ऐकण्यासाठीं तो बसलेला नसतो. बुवा तें कसें सांगतात, तें ऐकण्यासाठीं तो बसलेला असतो. येथें आपल्याला पाहिजे तें गमक मिळतें. कथा ठाऊक असेल, तर पहिल्या भागावरून कारागिराच्या हाताची परीक्षा होऊं शकते. कथा ठाऊक नसेल, तर हाताची होईल, पण कृतीची होणार नाहीं.

या नियमाचें सर्वांत ठळक उदाहरण मराठी रंगभूमीवर घडलें. ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग केला. हा प्रयोग पुऱ्या सात अंकांचा नव्हता. त्या रात्रीं पहिले चारच अंक झाले. म्हणजे शकुंतला कण्वाच्या आश्रमांतून सासरीं निघाली, आणि प्रेक्षकहि आपापल्या घरीं निघाले. दुष्यंतानें तिला ओळखलें नाहीं, तो भर दरबारांतील प्रसंग, कोळ्याच्या हातीं सांपडलेली अंगठी, भरताची भेट, यांपैकीं कांहींच त्यांनीं पाहिलें नाहीं. तरी त्या चार अंकांवरून पुणेकरांनीं जो निकाल दिला तो पुढील कित्येक दशकांनीं खरा ठरविला.

तो खरा ठरला याचें कारण उघड आहे. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तेव्हांपासूनच्या पौराणिक खेळांत पद्यें सूत्रधार म्हणे व पात्रें भाषणें करीत. किर्लोस्करांच्या नाटकांत पात्रें स्वतःच गाऊं लागलीं. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट भाषणांतून पदांत व पदांतून भाषणांत सहज जाऊं लागले. नवें होतें तें एवढेंच, आणि तें पहिल्या अंकांतच दिसत होतें. कालिदासाची कथा कोठें जाणार हें सर्वांना ठाऊक होतें. म्हणून चार अंक हें त्या प्रेक्षकांना खरोखरच शीत होतें. बाकीचा भात कालिदासानें केव्हांच शिजवून ठेविला होता.

किर्लोस्करांनीं पुढेंहि हीच वहिवाट चालविली. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, आणि पांचहि अंकांचा प्रयोग १८८३ सालीं झाला. येथें रचना किर्लोस्करांची स्वतःची असली, तरी अर्जुन-सुभद्रेचें लग्न शेवटीं लागणार याविषयीं पिटांतल्या प्रेक्षकालाहि शंका नव्हती. 'रामराज्यवियोगा'चेहि तीन अंक १८८४ सालीं झाले. पुढचे अंक मात्र झालेच नाहींत. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं किर्लोस्कर वारले. त्यामुळें या नाटकाचा पहिला भाग हाच त्याचा एकुलता भाग ठरला. तरी तें नाटक प्रेक्षकांना खुंटल्यासारखें वाटण्याचें कारण नव्हतें. पडदा पडल्यावर राम वनांत गेला, हें सांगावयास नाटककाराची गरज नव्हती.

याच्या उलट इंग्लंडांतील एक गोष्ट पाहा. चार्ल्स डिकन्स १८७० सालीं वारला तेव्हां त्याची 'एडविन ड्रूड' ही कादंबरी मासिक अंकांनीं निघत होती. बारा अंकांपैकीं सहांचाच मजकूर तयार झाला होता. कथा एका तरुणाच्या नाहींसें होण्याची. त्याचा खून झाला काय, झाला असल्यास कोणीं केला, हें डिकन्सबरोबर गेलें, आणि दीडशें वर्षें लोटलीं तरी रसिक त्यावर वाद घालीत आहेत. 'रामराज्यवियोग' अपुरें राहिलें तर प्रेक्षक तें मनांत पुरें करतो. 'एडविन ड्रूड' अपुरी राहिली तर ती अपुरीच राहते. जुन्या आख्यानांत व नव्या कादंबरींत हा एवढा फरक आहे, आणि वाचकानें आपली परीक्षेची रीत त्याप्रमाणें बदलावयास हवी होती.

आपल्याकडे ही नवी रीत वाचकाच्या अंगवळणीं पडूं लागली ती नियतकालिकांमुळें. जानेवारी १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' हें मासिक सुरू केलें. त्या वेळीं ते अवघे तेवीस वर्षांचे असून सरकारी शाळेंत शिक्षक होते. पहिल्या निबंधाचा विषय 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति'. तेवढाच अंक वाचून एखाद्यानें मत दिलें असतें, तर तें काय असतें? एक विद्वान् तरुण शिक्षक भाषेच्या शुद्धतेविषयीं कळकळीनें लिहीत आहे. लेखणी जोरकस आहे. व्याकरणाची आवड असणाऱ्यांनीं वर्गणी भरावी. या मतांत चूक कांहींच नव्हती. पण मालेचे अंक निघाले ८४, आणि शेवटच्या निबंधाचा विषय होता 'आमच्या देशाची स्थिति'. दोन मथळ्यांत फरक काय तो भाषेच्या जागीं देश आला एवढाच. परंतु तेवढ्या अंतरांत लेखकानें सरकारी नोकरी सोडली, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि १८८१ च्या आरंभीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू करण्यांत पुढाकार घेतला. तो शेवटचा निबंध १९१० सालीं सरकारनें जप्त केला, व १९३७ पर्यंत ती बंदी उठली नाहीं. पहिल्या अंकांत लेखकाची लेखणी पुरी दिसत होती. तिचा रोख मात्र पुढें कोठें वळेल हें दिसत नव्हतें. बहुधा तें लेखकालाहि त्या वेळीं पुरतें ठाऊक नसावें.

हरि नारायण आपट्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ सालीं 'पुणें वैभवां'त क्रमशः येऊं लागली. १८९० सालीं त्यांनीं स्वतःचें 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें, आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी सुरू केली. यमू नांवाची मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. आरंभीं बालपण, भाऊ, घरांतील माणसें, रुसवेफुगवे, असे घरगुती प्रसंग आहेत. साप्ताहिकाचें नांव 'करमणूक', आणि सुरुवातहि करमणुकीचीच. पुढें सासर येतें, मुंबईचे थोडे सुखाचे दिवस येतात, मग वैधव्य आणि केशवपन. पुस्तकरूपानें कादंबरी १८९३ सालीं बाहेर पडली. म्हणजे ज्यांनीं ती अंकाअंकानें वाचली त्यांना यमूच्या संगतींत वर्षेंच्या वर्षें काढावीं लागलीं. मथळ्यांतील प्रश्न कोणाला उद्देशून आहे, हें त्यांना पहिल्या आठवड्यांत कळणें शक्य नव्हतें. तें कळण्यास यमू त्यांच्या घरांतलीच एक व्हावी लागली, आणि त्याला वेळ लागला. ज्या वाचकानें 'या पोरांच्या भांडणांत काय आहे?' असें म्हणून दुसऱ्या आठवड्यास अंक बाजूस ठेविला असेल, त्यानें कादंबरीविषयीं खोटें कांहीं म्हटलें नाहीं; पण खरें जें होतें तें त्याला भेटलें नाहीं.

येथें दुसरी एक गोष्ट ध्यानांत येते. भागाभागानें निघणारी कृति वाचकाच्या निवाड्याची वाट पाहत असते, व त्या निवाड्यानें ती बदलतेहि. ओवी लिहिणाऱ्या कवीला वर्गणीदार नव्हते. मासिकाच्या संपादकाला आहेत. याचें प्रसिद्ध उदाहरण पुन्हां डिकन्सचेंच आहे. १८३६ सालीं 'पिक्विक'चा पहिला अंक निघाला तेव्हां त्याच्या सुमारें हजार प्रति छापल्या होत्या, आणि त्याहि नीट खपल्या नाहींत. चित्रें काढणारा सेमोर हा थोड्याच दिवसांत आत्महत्या करून मेला. अशा स्थितींत प्रकाशकानें पहिल्या अंकाच्या खपावरून हात आंखडता घेतला असता, तर व्यापाराच्या दृष्टीनें त्याला कोणी नांव ठेविलें नसतें. चौथ्या अंकांत सॅम वेलर हा नोकर आला, आणि वाचकांची झुंबड उडाली. शेवटीं शेवटीं खप चाळीस हजारांवर गेला. इंग्रजी वाङ्मयांतील एक मोठा ग्रंथकार तीन अंकांच्या मुदतीवर वाचला, असें म्हटलें तरी चालेल.

ज्यांना अशी मुदत पुरती मिळाली नाहीं त्यांचें काय होतें, हें जपानच्या या चित्रमालिकांच्या इतिहासांतच पाहावयास मिळतें. तेथें १ जानेवारी १९६३ रोजीं तेझुका ओसामु यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका सुरू झाली, व साप्ताहिक मालिकांची ही परंपरा तेव्हांपासून जोमानें रुजली. एप्रिल १९७९ मध्यें तोमिनो योशियुकी यांची 'गंडम' सुरू झाली. प्रचंड यंत्रमानवांच्या पोटांत बसून लढणाऱ्या मुलांच्या गोष्टी तेथें नव्या नव्हत्या. दर आठवड्यास एक राक्षस यावा व मारला जावा, अशी त्यांची ठरीव तऱ्हा होती. 'गंडम'नें युद्ध हें युद्ध म्हणून दाखविलें. शत्रूच्या बाजूसहि माणसें आहेत, त्यांनाहि घरें आहेत, असें सांगितलें. ज्यांना राक्षस हवा होता त्यांना तें रुचलें नाहीं. प्रेक्षक कमी, म्हणून खर्च देणारे नाराज. ५२ भागांची आंखलेली मालिका ४३ भागांत गुंडाळावी लागली, आणि जानेवारी १९८० मध्यें ती संपली. नंतर तीच पुन्हां दाखविली गेली, तिच्या यंत्रमानवांच्या प्रतिकृति मुलांनीं घरोघरीं जुळविल्या, तिच्यावरून १९८१ व १९८२ सालीं तीन चित्रपट झाले, आणि तिची संतति आजहि चालू आहे. निकाल फिरला, पण कापलेले नऊ भाग कांहीं परत आले नाहींत.

याचा परिणाम कर्त्यांवरहि झाल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या भागावरच आपलें जीवित अवलंबून आहे असें कळल्यावर पुष्कळ कर्ते आपली सगळी पुंजी पहिल्याच भागांत उधळतात, व पुढें कर्जावर दिवस काढतात. कांहीं धूर्त याच्या उलट वागतात. २०११ सालच्या 'मादोका मागिका' या बारा भागांच्या मालिकेचे पहिले दोन भाग जादूगार मुलींच्या नेहमींच्या गोड गोष्टींसारखे दिसतात. तिसऱ्याच्या अखेरीस एका प्रमुख पात्राचा भीषण अंत होतो, आणि आपण काय पाहत होतों हें प्रेक्षकाला तेव्हां कळतें. तरुणांच्या तीन भागांच्या मुदतीला या मालिकेनें चांगलाच आधार दिला.

आमच्या विद्यार्थ्यांत या मालिकांविषयीं जे तंटे होतात त्यांचा उलगडाहि वरील गमकानें होतो. पुष्कळ मालिका आधीं छापलेल्या जपानी चित्रकथांवरून केलेल्या असतात. ज्यानें मूळ चित्रकथा वाचली आहे तो आनंदोद्भव नाटकगृहांतील प्रेक्षकासारखा असतो. कथा त्याला पाठ आहे. चित्रें कशीं हालतात, आवाज पात्रांना शोभतात कीं नाहीं, प्रसंगांची गति साधली आहे कीं नाहीं, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें, आणि तें पहिल्या भागांत दिसतें. ज्यानें ती वाचलेली नाहीं तो 'करमणुकी'च्या वर्गणीदारासारखा असतो. दोघेहि एकच भाग पाहून भांडतात, परंतु ते एकाच गोष्टीची परीक्षा करीत नसतात. पहिला हाताविषयीं बोलत असतो, दुसरा कथेविषयीं. आणि दुसऱ्यापुढें कथा अजून आलेलीच नसते.

तर मग पहिला भाग पाहून परीक्षा करूंच नये काय? तसें म्हणणें व्यवहाराला सोडून होईल. आयुष्य थोडें व ग्रंथ फार, ही तक्रार जुनी आहे. निवड केल्यावांचून कोणाचेंहि वाचन चालत नाहीं, आणि निवडीला पहिल्या पानाहून दुसरें साधन बहुधा नसतें. ज्याच्या लिहिण्यांत पहिल्या पानावरच भाषेची हेळसांड व विचाराचा आळस दिसतो, त्याला पुढच्या पानांची सवलत देण्यास वाचक बांधलेला नाहीं. हात कच्चा आहे हें शितावरून कळतें, आणि तेवढ्यावरून पान सरकविण्याचा हक्क प्रत्येकास आहे. फक्त दोन गोष्टींची गल्लत होऊं नये. 'मीं हें सोडलें' हें विधान एक, आणि 'हें वाईट आहे' हें विधान दुसरें. पहिलें वाचकाच्या वेळेविषयीं आहे; त्याला पहिला भाग पुरेसा आहे. दुसरें कृतीविषयीं आहे. त्याला ती कृति पुरी व्हावी लागते. हरिभाऊंच्या अंकाचा वर्गणीदार एखादा अंक न आवडल्यास घरांत कुरकुर करी, व ती कुरकूर फार तर शेजारच्या वाड्यापर्यंत जाई. आजचा प्रेक्षक पहिला भाग संपतांच आपलें मत हजारों लोकांच्या हातीं देतो, व त्यांतील पुष्कळजण तो भाग न पाहतांच तें मत स्वीकारतात. शीत एकानें चाचपावें व पंक्तीच्या पंक्ती जेवल्यावांचून उठाव्या, असा हा प्रकार होतो.

वेदान्त्यांचा संकेत येथें पुन्हां आठवण्याजोगा आहे. पहिल्या भागापाशीं थांबणाऱ्यानें 'मी याचा अधिकारी नव्हें' एवढें म्हटलें, तर त्यांत त्याचा कमीपणा नाहीं, आणि कर्त्याचेंहि नुकसान नाहीं. शकुंतलेचा पांचवा अंक ज्यांनीं त्या रात्रीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं तो कालिदासाच्या पोथींत सुखरूप होता. यमूची हकीकत मात्र तिनें स्वतः सांगितल्यावांचून दुसऱ्या कोणाला ठाऊक होणार नव्हती. जी कथा आधीं कोठेंहि सांगितलेली नाहीं, तिला पुरी सांगूं देणें हें कर्त्याप्रमाणेंच थोडें वाचकाच्याहि हातीं असतें.